आजोबा नुसते कष्टाळू नव्हते

परदेशात घर उभे करणाऱ्या आजोबांविषयी बोलताना बहुतेक कुटुंबांत एकच शब्द आधी येतो: कष्ट. मॉरिशसमधली मराठी घरे याला अपवाद नाहीत. कोकणातून किंवा घाटावरून निघून मुंबईच्या बंदरात जहाजावर चढलेला खापरपणजोबा उसाच्या मळ्यात राबला, त्याने हाडाची काडे केली, म्हणून आज त्याची पतवंडे शिक्षक नि अधिकारी झाली, अशी ही कथा. ती खोटी नाही. मात्र ज्या गुणाबद्दल आपण त्याचा गौरव करतो तो गुण त्याच्याकडून कायद्याने वसूल केला जात होता, हे त्या गौरवात हरवते. राबणे त्याच्या हातात नव्हतेच. त्याचे स्वतःचे काय होते हे पाहायचे तर त्याच्या निर्णयांकडे वळावे लागते, आणि ते निर्णय सरकारी दप्तरात अजूनही सापडतात.

1 फेब्रुवारी 1835 रोजी मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली. ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई म्हणून सुमारे 20 लाख पौंड मोजले. ते मिळाले मालकांना, गुलामांना नव्हे. मळ्यांना स्वस्त हात हवे होते. 2 नोव्हेंबर 1834 रोजीच ‘ॲटलस’ जहाजाने कलकत्त्याहून 36 मजूर पोर्ट लुईला उतरवले होते. 1910 मध्ये ही आयात थांबेपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय या बेटावर आले. त्यांत मुंबईमार्गे गेलेल्यांचा वाटा कलकत्ता-मद्रासच्या मानाने लहान होता आणि त्यातले बरेचसे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गेले. हा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली 1856 मध्ये. कोकणातल्या माणसाला गिरणगाव मिळण्याआधीच काही जणांनी समुद्र ओलांडला होता, आणि पुढे मुंबईतच रोजगार वाढला तसे एवढ्या दूर जाण्याचे कारण उरले नसावे. मॉरिशसचा मराठी मजूर हा चाकरमान्याचा थोरला भाऊच म्हणायचा, फक्त त्याला गणपतीला गावी येता येत नव्हते.

मळ्यावरचे काम कसे चाले? करार अगदी आधी पाच वर्षांचा असे, मग वर्षाचा, मग तीन वर्षांचा झाला, शेवटी पुन्हा पाच. महिन्याची मजुरी सुरुवातीला पाच रुपयांच्या घरात, वर शिधा. पण एका दिवसाचा खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. परतीचे फुकट तिकीट 1850 च्या दशकाच्या आरंभी बंद झाले. करार संपलेल्या माणसालाही मोकळे फिरता येत नसे: 1867 च्या कायद्याने त्याला छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले आणि तो नसला तर भटक्या म्हणून अटक होई. आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत हे दप्तर जपलेले आहे. वंशजांना तिथे पूर्वजाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, जात, गाव, जिल्हा, उंची, अंगावरची खूण मिळते आणि कधी फोटोही मिळतो. घरच्या भिंतीवर हार घालून लावलेला तो फोटो मुळात पोलिसांच्या सोयीसाठी काढलेला असतो.

या चौकटीत माणसाने स्वतः ठरवलेल्या गोष्टी शोधा. आलेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश परत गेले. म्हणजे राहणे हाही निर्णय होता. परत गेलेल्यांतले काही पुन्हा आले, आणि येताना गावातले भाऊबंद घेऊन आले. काहींनी मजुरीतून शिल्लक टाकली. 1870-80 नंतर साखरेचे भाव पडले, मळेवाल्यांनी कडेची जमीन तुकड्यांनी विकायला काढली, तेव्हा ती घ्यायला हेच लोक पुढे आले. कष्टाळू तर शेजारच्या खोलीत राहून तितकेच राबणारा आणि तुकडा न घेऊ शकलेला माणूसही होता. आणि 1871 मध्ये ॲडॉल्फ द प्लेविट्झ याच्या साहाय्याने करार संपलेल्या मजुरांनी गव्हर्नरला अर्ज दिला, त्यावर 9,401 जणांनी सह्या किंवा अंगठे उमटवले. मळेवाले इतके खवळले की प्लेविट्झला बेटावरून हाकला अशी मागणी झाली. पण त्या अर्जामुळे 1872 मध्ये शाही चौकशी आयोग आला, त्याने 1875 मध्ये अहवाल दिला आणि 1878 मध्ये मजूर कायदा बदलला. परवाना हातातून हिसकावला जाऊ शकत असताना सरकारी कागदावर अंगठा उठवणे हे दिवसभर ऊस तोडण्याहून निराळ्या जातीचे धाडस आहे.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: दलालांनी फसवून नेलेल्या अडाणी माणसांच्या निर्णयांची कसली भाषा करता? फसवणूक झाली हे निर्विवाद. तिच्याच ओरडीमुळे 1830 च्या दशकाच्या अखेरीस कंपनी सरकारला ही निर्यात काही वर्षे थांबवावी लागली होती. पण परत आलेला मुकादम गावात बसून हकिकत सांगत असताना निघालेल्यांना काहीच ठाऊक नव्हते असे म्हणणे म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा अडाणी ठरवणे होय. त्यांनी दोन वाईटांतले एक निवडले. निवड वाईट पर्यायांतली होती म्हणून ती निवड नव्हती, असे होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे दप्तर राज्यकर्त्यांचे. त्यात माणूस नोंदला गेला तो मजूर म्हणून, त्याच्या मनातले त्यात काय मिळणार? खरे आहे. म्हणूनच कागदाला जिवंत परंपरेची जोड द्यावी लागते. मॉरिशसच्या मराठी वस्त्यांत जाखडी अजून नाचली जाते, शाळांत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. ऊस वाढवण्यासाठी यातले काहीच लागत नव्हते. मळ्याच्या मालकाला त्याचे सोयरसुतकही नव्हते. दमून आलेल्या माणसांनी रात्री वेळ काढून हे मुलांना दिले.

घरच्या मोठ्यांचा ‘त्यांनी तक्रार केली नाही’ हा आवडता शेरा मला म्हणूनच पटत नाही. 9,401 जणांनी तक्रार केली होती. न कुरकुरणारा आजोबा नातवंडांना सोयीचा असतो, तो मळेवाल्यालाही तितकाच सोयीचा होता. आजीचे तर नावही या कथेत क्वचित येते, जरी जहाजावर स्त्रियांचे किमान प्रमाण ठेवण्याचा नियम पुढे करावा लागला आणि मराठी टिकली ती मुख्यतः तिच्या तोंडी, असे मानायला भरपूर जागा आहे. आणि आपल्याकडे? परत आलेल्या त्या एकतृतीयांशांपैकी रत्नागिरी-साताऱ्याच्या गावांत कोण उतरले, त्यांनी काय सांगितले, कोणाच्या भावकीत त्यांची जमीन तोवर वाटली गेली होती, याची चौकशी गावोगाव व्हायला हवी. मॉरिशसहून येणारे वंशज कारकुनाने ऐकून लिहिलेले गावाचे नाव घेऊन विचारत फिरतात. त्यांना बसस्थानक दाखवण्यापेक्षा जुनी मोडी दप्तरे वाचणारा माणूस गाठून देणे अधिक उपयोगाचे ठरेल.