ग्रीक, ख्मेर आणि आमचा एक भ्रम

कंबुज देशाच्या ख्मेर भाषेंत गुरूस ‘क्रू’, भाषेस ‘फिसा’ आणि नगरास ‘नोकोर’ म्हणतात. ‘अंगकोर’ हें नांवही नगर शब्दाचेंच रूप. लिपि पल्लवलिपीपासून निघालेली, आणि तिच्यांतील सर्वांत जुना कालांकित ख्मेर शिलालेख इ. स. ६११ चा. तेव्हां ही संस्कृताचीच लेक, असें आम्हीं पुष्कळ वर्षें अभिमानानें मानीत आलों.

हा भ्रम ग्रीक भाषेनें घालविला. तिची लिपि फिनीशियन लोकांकडून आलेली, देव निराळे. तरी आपण ‘ददामि’ म्हणतों तेथें ती ‘दिदोमि’ म्हणते. धातूचें द्वित्व तेंच, उत्तमपुरुषाचा ‘मि’ही तोच! शब्द बाजारांतून येतात. असले प्रत्यय सहसा कोणी उसने आणीत नाहीं. ख्मेर क्रियापदास पुरुषवाचक प्रत्ययच नाहींत. ‘डाअ’ म्हणजे चालणें. शब्दाच्या पोटांत अक्षरें शिरून ‘डॉम्नाअ’, म्हणजे प्रवास. आणि सहा म्हणजे ‘प्राम्-मुओय’, अर्थात् पांच-एक.

मग तिचें खरें गोत्र कोणतें? संताळींत ‘दल्’ म्हणजे मारणें आणि ‘दपल्’ म्हणजे एकमेकांस मारणें. येथेंही भर पोटांतच! ख्मेरांचे चार ‘बुओन’, तर मेळघाटांतील कोरकूंचे ‘उफून’. अंगकोरची मंदिरें उभारणाऱ्यांचे भाषाबंधु आमच्या वऱ्हाडाच्या डोंगरांत आहेत. त्यांचीं मुलें आमच्या वर्गांत बसत असत, आणि आपसांत बोलूं लागलीं कीं ‘नीट मराठींत बोला’ म्हणून आम्ही त्यांस दटावीत असूं.