तारेच्या टाक्यांनी शिवलेली होडी
कष्टकऱ्यांच्या घरात बांधल्या गेलेल्या 'मिरर' होडीची हकिगत

होडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कोळीबांधव, त्यांची जाळी आणि बंदर येते. शिडाची होडी केवळ हौसेखातर पाण्यात घालणे हा खेळ मात्र पैसेवाल्यांचाच मानला गेला. क्लबाचे सभासदत्व, महागडी होडी, ती बांधणारा कसबी कारागीर, हे सारे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी इंग्लंडातही फारसे वेगळे चित्र नव्हते. ते बदलायला एका लहानशा लाकडी होडीने मोठा हातभार लावला. तिचे नाव 'मिरर'. तिचे सुटे भाग खोक्यात भरून घरी येत आणि घरचीच माणसे ते जोडून होडी उभी करीत. अशा संचाला 'किट' म्हणतात. कष्टकरी कुटुंबांनी जाणून घ्यावी अशी ही हकिगत आहे, म्हणून आम्ही ती येथे देत आहोत.

वर्तमानपत्राची होडी

'डेली मिरर' हे त्या काळी ब्रिटनमधील सर्वाधिक खपाचे दैनिक. त्याचा वाचक मुख्यतः कामगारवर्ग. आपल्या वाचकाला परवडेल आणि त्याला स्वतःला बांधता येईल अशी होडी असावी, असे या वर्तमानपत्राने मनावर घेतले. बॅरी बकनेल हे गृहस्थ बीबीसी दूरदर्शनवर घरदुरुस्तीची कामे करून दाखवीत. जॅक होल्ट हे होड्यांचे नामवंत आराखडेकार. या दोघांनी मिळून आराखडा केला आणि जानेवारी १९६३ मध्ये लंडनच्या नौका प्रदर्शनात होडी लोकांसमोर आली. वर्तमानपत्राच्या शीर्षकाचा रंग लाल, म्हणून होडीचे शीडही लाल.

लांबी १० फूट १० इंच, रुंदी ४ फूट ७ इंच, वजन सुमारे ४५ किलो. म्हणजे दोन माणसांनी सहज उचलावी आणि मोटारीच्या टपावर बांधून न्यावी. डोलकाठी व शिडाच्या काठ्या मुद्दाम आखूड ठेवल्या, म्हणजे त्या होडीतच मावतात.

किंमत होती ६३ पौंड ११ शिलिंग. आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून आकडा रुपयांत मांडून पाहिला. तेव्हा पौंडाचा दर १३ रुपये ३३ पैसे होता. म्हणजे सुमारे ८४७ रुपये झाले. तिथल्या कामगाराची ही साधारण चार आठवड्यांची मजुरी. रक्कम लहान नव्हे, पण पै-पै साठवून जमणारी होती.

सुतारकी न येणाऱ्याला कशी जमली?

जुन्या पद्धतीने होडी बांधायची तर आधी कणा, मग बरगड्या, मग एकेक फळी वाकवून बसवायची. हे काम वर्षानुवर्षे उस्तादाच्या हाताखाली राबल्याशिवाय येत नाही. मिररने ही अडचण टाके घालून सोडवली. केन लिटलडाइक नावाच्या एका इंग्रज शिक्षकाने लहान होड्यांसाठी ही पद्धत आधी वापरली होती.

किटमध्ये प्लायवूडचे तक्ते मापात कापूनच येत. तक्त्यांच्या कडांना ठरावीक अंतरावर भोके असतात. त्यांतून तांब्याच्या तारेचे तुकडे ओवायचे आणि पकडीने पीळ द्यायचा. तळाचे दोन तक्ते असे जोडून पुस्तकासारखे उघडले की होडीचा आकार दिसू लागतो. मग बाजूचे, पुढचे व मागचे तक्ते बसवायचे. येथे एक पथ्य आहे. सुरुवातीला पीळ ढिलाच ठेवायचा. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हे कर्णांची मापे घेऊन तपासायचे आणि मगच तारा आवळायच्या. तिरकी राहिलेली होडी जन्मभर तिरकीच चालते.

यानंतर आतून प्रत्येक सांध्यावर काचतंतूची पट्टी ठेवून ती रेझिनने भिजवायची. रेझिन कडक झाले की बाहेरच्या तारा छाटायच्या, कडा घासून गोल करायच्या आणि बाहेरूनही तशीच पट्टी चढवायची. आता होडी धरून ठेवण्याचे काम पट्टीचे. तारेचे काम संपले. रेझिनच्या वाफा घातक, म्हणून खिडक्या उघड्या आणि हातात मोजे हवेत. शेवटी बंदिस्त हवेचे कप्पे, सुकाणू, रंग. या कप्प्यांमुळे होडी उलटली तरी बुडत नाही. पकड, रंधा, ड्रिल, स्क्रू ड्रायव्हर एवढी अवजारे असली की काम निभावते. आणि हो, काम सुरू करण्याआधी घराचे दार मोजून घ्यावे!

अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या झाल्या. ए. जे. मॅकिनन नावाच्या एका शिक्षकाने १९९७ मध्ये एक जुनी मिरर घेऊन इंग्लंडातून प्रवास सुरू केला आणि नद्या-कालव्यांच्या वाटेने पुढल्या वर्षी थेट काळा समुद्र गाठला.

आपल्याकडची शिवण

फळ्या शिवून जहाज बांधणे आपल्या किनाऱ्याला नवे नाही. खिळे न वापरता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवण्याची विद्या येथे फार जुनी आहे. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील चित्रात जे जहाज दिसते, त्यावरून गोव्यात असेच एक शिवलेले जहाज बांधण्यात आले. केरळच्या कारागिरांनी ते शिवले आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते 'कौंडिण्य' या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले. या जहाजात दोरीची शिवण कायम राहते, मिररमध्ये तार छाटली जाते, एवढाच फरक. पण ही विद्या मोजक्या हातांतच उरली होती. ते हात थकले असते तर विद्याही गेली असती.

आपण काय घ्यावे?

आमच्या मते मिररचे खरे मोल तिच्यासोबत आलेल्या सूचनांच्या कागदात आहे. उस्तादाच्या हातातले कसब कोणीतरी पायरी-पायरीने, सोप्या शब्दांत आणि आकृत्यांसह लिहून काढले. त्यामुळे कधी होडीत न बसलेल्या माणसानेही होडी बांधली. विद्या उघडी झाली की मिरासदारी आपोआप मोडते.

आपल्या वस्त्यांतून फिटर आहेत, सुतार आहेत, वायरमन आहेत. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. साच्यावर वर्षानुवर्षे काम केलेले कितीतरी जाणते हात घरी बसले आणि त्यांच्याजवळचे ज्ञान कोणी लिहून घेतले नाही. ते नुकसान भरून येणारे नाही. पण आज जे हयात आहेत त्यांच्याजवळ वही घेऊन बसायला कोणाची हरकत आहे? शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी आपल्या वडिलांचे, काकांचे, आजोबांचे काम पायरी-पायरीने उतरवून घ्यावे. आकृत्या काढाव्यात. मग अनोळखी माणसाला ती वही देऊन त्याला काम जमते का, हे पाहावे. जमले नाही तर चूक वहीत आहे असे समजावे आणि पुन्हा लिहावे.

आणि कोणा तरुणाला खरोखरच होडी बांधायची हौस आली, तर त्याने अवश्य बांधावी. मात्र आधी पोहायला शिकावे, आणि जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये.