सागरतीरावरील पंक्तिप्रपंच

समुद्राकाठी बसून भोजन करावे, समोर सूर्य अस्ताला जात असावा आणि ताटात ताजी मासळी असावी, ही हौस मुंबई-गोव्याच्या मध्यमवर्गीय गृहस्थाला मुळीच नवी नाही. परंतु त्या हौसेसाठी एका संध्याकाळी महिन्याच्या वाणसामानाइतकी रक्कम मोजण्याचा प्रघात मात्र अलीकडच्या पिढीत पडला. एवढी किंमत देणाऱ्याची अपेक्षा साधी असते, आणि ती म्हणजे सरबराईत खोट नसावी. असे असूनही या उंची उपाहारगृहांविषयी जी तक्रार वारंवार कानी येते, ती पाककलेची नसून विषम वागणुकीची असते. एका मेजावर राजेशाही आदरातिथ्य चालू असताना दुसऱ्या मेजावरील मंडळी पाण्यासाठी मान उंचावून बसलेली असतात. हा भेद का होतो, आणि त्याचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा, याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावरील एका नावाजलेल्या उपाहारगृहात, डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, हा भेद मी अगदी जवळून पाहिला. समुद्राकडील कठड्यालगतच्या मेजापाशी खुद्द कॅप्टन उभा राहून, बर्फावर मांडलेली अख्खी मासळी पाहुण्यांपुढे धरून तिचे वजन आणि दर सांगत होता, आणि ती भाजून आल्यावर काटे काढून वाढण्याचीही तजवीज त्याने जातीने केली. आतल्या भिंतीलगत बसलेल्या एका वृद्ध दांपत्यापुढे मात्र आधी सोलकढी आली, पुष्कळ वेळाने भात आला, आणि तो निवून गेल्यावरही सुरमईचा पत्ता नव्हता. "अरे बाळा, मासा येतोय ना?" असे आजोबांनी विचारताच सावंतवाडीकडच्या त्या तरुण वाढप्याने "हो काका, बघून येतो" असे नम्रपणे उत्तर दिले, पण मुदपाकखान्याच्या वाटेवरच कठड्याकडून हाक आली आणि तो तिकडे ओढला गेला. त्या मुलाच्या वागण्यात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. सहा मेजे त्याच्या एकट्याच्या दिमतीला लावलेली होती, आणि त्यांतील कोणत्या मेजाची हाक आधी ऐकावयाची हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. मेनूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले सेवाशुल्क मात्र दोन्ही मेजांना सारखेच लागू होते.

अशा प्रसंगी पाहुण्याचा राग स्वाभाविकपणे समोरच्या वाढप्यावर निघतो. वस्तुतः दोष बंदोबस्ताचा असतो. मोठ्या उपाहारगृहाचे दालन स्टेशन नावाच्या विभागांत वाटलेले असते आणि प्रत्येक विभाग एकेका स्टुअर्डकडे सोपविलेला असतो. समुद्रासमोरची मेजे मातब्बर पाहुण्यांसाठी राखलेली असली, म्हणजे तेथे अनुभवी माणसे तैनात होतात आणि आतल्या बाजूस उमेदवारी करणारी मुले उरतात. त्यात सूर्यास्ताची अडचण. शहरातल्या उपाहारगृहात गिऱ्हाईक रात्री आठपासून साडेदहापर्यंत विखरून येते. किनाऱ्यावर मात्र डिसेंबरातला सूर्य सहाच्या सुमारास बुडत असल्यामुळे, तो सोहळा पाहण्यासाठी सारे पाहुणे जवळपास एकाच वेळी येऊन बसतात आणि सर्वांच्या मागण्या एकदमच भटारखान्यात जाऊन पडतात. मागणीची चिठ्ठी, जिला या धंद्यात केओटी म्हणतात, क्रमाने लागलेली असली तरी शेगडीवर जागा मोजकीच असते. आणि कोणी वजनदार पाहुणा रागावेल या धास्तीने एखादी चिठ्ठी मधूनच पुढे सरकविली, की मागच्या सर्वांचा क्रम कोलमडतो.

तिसरे कारण हंगामाचे. किनाऱ्यावरचा धंदा पावसाळ्यात ओसरतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. त्या काळात पुष्कळ ठिकाणचा नोकरवर्ग आपापल्या गावी पांगतो आणि हंगाम सुरू होताच नव्या माणसांची भरती होते. गेल्या वर्षी घासूनपुसून तयार केलेला मुलगा यंदा दुसऱ्याच्या चाकरीत असतो, आणि नव्या मुलाचे शिक्षण पाहुण्यांच्या मेजावरच, ऐन गर्दीत सुरू होते.

ही अडचण असाध्य आहे असे मानण्याचे कारण नाही. ऑगस्त एस्कॉफिए हा थोर फ्रेंच पाकाचार्य आणि सेझार रिट्झ हा व्यवस्थापक, हे दोघे माँटे कार्लो या सागरतीरावरील नगरीत एकत्र आले, आणि पुढे लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात एस्कॉफिए याने मुदपाकखान्याची लष्करी शिस्तीची विभागणी रूढ केली. सामिषाचा एक विभाग, रश्शांचा दुसरा, मिष्टान्नांचा तिसरा, आणि प्रत्येकावर एक जबाबदार अधिकारी, अशी ती रचना होती. तिचे मर्म एवढेच, की एका मेजावरील सर्व पदार्थ निरनिराळ्या हातांनी तयार होऊनही एकाच क्षणी बाहेर पडावेत. त्याचा सुप्रसिद्ध पाकग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी १६ डिसेंबर रोजी मुंबईच्या सागरतीरावर ताजमहाल हॉटेलाचे द्वार उघडले. हे शास्त्र शिकविणारी संस्थाही १९५४ सालापासून मुंबईतच आहे. तात्पर्य, विद्या उपलब्ध आहे. उणीव आहे ती तिच्या अंमलबजावणीची.

आता सेवाशुल्काचा प्रश्न. पाहुणा संतुष्ट झाला तर त्याने खुशीने बक्षिसी द्यावी, हा जुना दस्तूर; परंतु सेवा कशीही मिळो, बिलात शेकडा पाच ते दहा रुपये आधीच धरून ठेवावयाचे, ही रीत न्यायाची नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून, असे शुल्क बिलात आपोआप जोडण्यास किंवा ते सक्तीने वसूल करण्यास मनाई केली. उपाहारगृहांच्या संघटनांनी त्याविरुद्ध दाद मागितली, परंतु दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना कायम ठेवल्या. या निर्णयावर संघटनांनी अपीलही केले आहे. सरकारी कर आणि सेवाशुल्क या दोन भिन्न बाबी आहेत, हे सामान्य गिऱ्हाइकाने पक्के ध्यानात ठेवावे. कर चुकविता येत नाही. सेवाशुल्क मात्र स्वेच्छेचे आहे, ते काढून टाकण्यास सांगता येते, आणि मालक ऐकेनासा झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

आपल्याकडे पंगतीत वाढताना यजमानाने पंक्तिप्रपंच करू नये, हा शिष्टाचार लहान मुलालाही ठाऊक असतो. तूप पहिल्या पानावर पडले तसेच शेवटच्या पानावर पडले पाहिजे. उंची उपाहारगृहाच्या मालकाने हाच नेम पाळावा. समुद्राचे दर्शन सर्व मेजांना सारखे मिळणे शक्य नाही, हे कोणीही मान्य करील. परंतु गरम अन्न, वेळेवर पाणी, मासळीच्या वजनाचा आणि दराचा आगाऊ खुलासा, आणि विलंब होणार असल्यास तसे प्रामाणिकपणे सांगणारा माणूस, या गोष्टींना खिडकी लागत नाही. त्यासाठी अनुभवी माणसे सर्व विभागांत वाटली पाहिजेत, हंगामाआधी नव्या मुलांना शिकविले पाहिजे, आणि पावसाळ्यातही काहींचा पगार चालू ठेवण्याचा खर्च मालकाने सोसला पाहिजे.

पाहुण्यांकडेही काही कर्तव्य येते. मासळीचा दर विचारण्यात कमीपणा नाही; वजन डोळ्यांदेखत करवून घ्यावे. कागाळी करावयाची ती व्यवस्थापकापाशी करावी, सहा मेजे सांभाळून घामाघूम झालेल्या मुलावर आवाज चढवू नये. आणि त्या मुलाने मनापासून सेवा केली असेल तर बक्षिसी त्याच्याच हाती द्यावी. भिंतीलगतच्या मेजावरील वृद्ध दांपत्याला जेथे कठड्याजवळच्या पाहुण्याइतक्याच आस्थेने वाढले जाते, तेच उपाहारगृह उंची म्हणवून घेण्यास पात्र आहे, आणि आपले पैसे तेथेच खर्च करावेत.