आधी आखणी, मग प्रवास

प्रवासाची ओढ मनुष्याला उपजतच असते. डोंगरापलीकडे काय आहे, नदी कोठे जाऊन मिळते, समुद्राच्या काठी कोणती गावे वसली आहेत, हे जाणून घ्यावे असे प्रत्येकाला वाटते. परंतु वाटणे वेगळे आणि सुखरूप जाऊन येणे वेगळे. पूर्वी लोक पायी किंवा बैलगाडीने प्रवास करीत. पेणजवळील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले, ते त्या वर्षीच्या मोठ्या उठावातच सापडले. वाटेत ते अनेकदा लुटले गेले. तरीही धीर न सोडता ते आपल्या गावी परतले. आज रस्ते चांगले झाले आहेत, वाहने वेगवान झाली आहेत. तथापि वेग वाढला तसा धोकाही वाढला आहे. म्हणून निघण्यापूर्वी नीट आखणी करण्याची गरज आजही तितकीच आहे.

ही आखणी कशी करावी, हे समजण्यासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वैभववाडीच्या एका घराचे उदाहरण घ्यावे. वैभववाडी हे सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुक्याचे गाव. येथून एक रस्ता पश्चिमेला तळेऱ्याकडे उतरतो आणि मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो; दुसरा पूर्वेला करूळचा घाट चढून गगनबावड्यावरून कोल्हापूरला जातो. या घरातील थोरल्या मुलाने आणि त्याच्या मित्राने असे ठरविले, की मोटारसायकलवरून सात दिवस आपला जिल्हा पाहावयाचा. दोघांचीही वये अठराच्या पुढची. दोघांपाशीही वाहन चालविण्याचा परवाना. वडिलांनी संमती दिली, पण एका अटीवर. ते म्हणाले, “आधी सगळा प्रवास कागदावर करून दाखवा, मग रस्त्यावर करा.”

पहिला प्रश्न आला तो ऋतूचा. कोकण हे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे १६ अंश उत्तर अक्षवृत्ताच्या आसपास, म्हणजे उष्ण कटिबंधात येते. अशा प्रदेशात कडाक्याच्या थंडीचे भय नसते. भय असते ते पावसाचे आणि उन्हाचे. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि धो धो पाऊस पडतो. आंबोलीला तर वर्षाकाठी सातशे सेंटिमीटरांच्या आसपास पाऊस होतो. या दिवसांत घाटात दरडी कोसळतात, तांबड्या मातीचा चिखल रस्त्यावर येतो आणि खवळलेल्या समुद्रामुळे मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही बंद असतात. उन्हाळ्यात आंबे, फणस, करवंदे यांची चंगळ असते खरी. पण दमट हवेत अंगाला घामाच्या धारा लागतात. या सर्वांचा विचार करून दिवाळीनंतरचा, नोव्हेंबरच्या उत्तरार्धातला आठवडा ठरला. या दिवसांत आकाश निरभ्र असते आणि हवा सुखद असते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. दिवस लहान असतो; सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

दुसरा प्रश्न वाटेचा. नकाशावर पाहिले तर विजयदुर्गापासून देवगड अगदी जवळ दिसते. पण कोकणातील नद्या सह्याद्रीत उगम पावून थोडेच अंतर धावतात आणि समुद्राला मिळताना रुंद खाड्या करतात. भरतीचे पाणी या खाड्यांतून दूरवर आत शिरते. त्यामुळे किनाऱ्याने सरळ रस्ता जात नाही. पूल असेल तेथपर्यंत त्याला आत वळावे लागते आणि पुन्हा किनाऱ्याकडे यावे लागते. यास्तव नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणारा मनुष्य कोकणात हमखास फसतो.

थोरल्याची धाकटी बहीण सातवीत शिकत होती. तिने यावर एक सोपी युक्ती काढली. तिने एक बारीक दोरा ओला केला, तो नकाशातील रस्त्याच्या प्रत्येक वळणावरून अलगद फिरविला, मग तो सरळ करून पट्टीवर मोजला. नकाशाचे प्रमाण एका सेंटिमीटरला पाच किलोमीटर होते. जितके सेंटिमीटर भरले, त्याला पाचाने गुणले. दोऱ्याला घाटातले प्रत्येक लहान वळण पकडता येत नाही, म्हणून आलेल्या अंतरात तिने थोडी भर घातली. अशा रीतीने एकेका दिवसाचा हिशेब तयार झाला.

पहिल्या दिवशी वैभववाडीहून तळेरेमार्गे विजयदुर्ग, सुमारे ६५ किलोमीटर. वाघोटन खाडीच्या मुखावरील हा किल्ला मराठ्यांच्या आरमाराचे मोठे ठाणे होता. दुसऱ्या दिवशी हापूस आंब्यासाठी प्रसिद्ध असलेले देवगड आणि समुद्राच्या काठावरील कुणकेश्वराचे मंदिर, सुमारे ४५ किलोमीटर. तिसऱ्या दिवशी आचऱ्यावरून मालवण, तेवढेच अंतर. चौथ्या दिवशी मोटारसायकल जागची हलवावयाची नाही. होडीतून सिंधुदुर्ग किल्ला पाहावयाचा. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला. पाचव्या दिवशी वेंगुर्ल्यावरून शिरोडा, सुमारे ७० किलोमीटर. शिरोड्यास १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, आणि थोर साहित्यिक वि. स. खांडेकर यांनी १९२० ते १९३८ या काळात तेथील शाळेत अध्यापन केले. सहाव्या दिवशी लाकडी खेळण्यांचे गाव सावंतवाडी पाहून आंबोलीचा घाट चढावयाचा, सुमारे ५५ किलोमीटर.

सातव्या दिवसासाठी दोघा मित्रांनी मोठा बेत योजिला होता. आंबोलीहून आजऱ्यावरून कोल्हापूर गाठावयाचे, अंबाबाईचे दर्शन घ्यावयाचे आणि गगनबावड्यावरून करूळचा घाट उतरून घरी परतावयाचे. दोरा फिरला आणि उत्तर आले, सुमारे १९५ किलोमीटर. “एवढे काय, सहज जाऊ,” असे थोरला म्हणाला. आई जवळच तांदूळ निवडीत बसली होती. ती इतकेच म्हणाली, “अरे, शेवटचा घाट तुम्ही उजेडात उतरणार की काळोखात, तेवढे सांग.”

या प्रश्नाचे उत्तर कोणापाशीच नव्हते. तेव्हा बहिणीने कागद पुढे ओढला. आंबोलीस सकाळी दाट धुके असते. नऊच्या आधी निघणे बरे नव्हे. घाट, गावे आणि वळणे धरून तासाला सरासरी ३० किलोमीटर वेग मानला, तर १९५ किलोमीटरांना साडेसहा तास लागतात. कोल्हापुरात दर्शनासाठी दोन तास. जेवण आणि विश्रांती यांसाठी दीड तास. एकूण झाले दहा तास. म्हणजे घरी पोहोचावयास सायंकाळचे सात वाजणार. गगनबावड्यापासून घर सुमारे २५ किलोमीटर. याचा अर्थ असा, की नेमक्या सूर्यास्ताच्या वेळी दोघे घाटाच्या माथ्यावर असणार, आणि सबंध घाट काळोखात उतरणार.

सात दिवसांच्या थकव्यानंतर, सर्वांत लांबच्या मजलीच्या शेवटी, काळोखात घाट! हिशेब पाहून थोरला गप्प झाला. थकलेल्या मनुष्याचे लक्ष चटकन विचलित होते. रात्री घाटात गव्यासारखे जंगली जनावर अकस्मात आडवे येऊ शकते. समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्याने डोळे दिपतात आणि क्षणभर कठडाही दिसेनासा होतो. अपघाताला तो क्षण पुरतो.

अखेर बेत बदलला. आंबोलीहून पुन्हा सावंतवाडीस उतरावयाचे आणि कुडाळ, कणकवली, तळेरे या वाटेने घरी यावयाचे, असे ठरले. हे अंतर सुमारे १२० किलोमीटर. म्हणजे चार वाजण्याच्या आत घर. कोल्हापूरचे दर्शन पुढच्या खेपेस होईल. अंबाबाई कोठे जात नाही, असे वडील हसून म्हणाले. चांगल्या आखणीचे लक्षण हेच, की काय करावयाचे याइतकेच काय सोडावयाचे हेही ती सांगते.

आता वेगाविषयी दोन शब्द. तासाला ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. ६० किलोमीटर वेगाने जाणारे सुमारे १७ मीटर. समोर गुरे आडवी आली हे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. तेवढ्यात वाहन इतके अंतर तोडून गेलेले असते. त्यानंतर ब्रेक लागून ते थांबू लागते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यापासून थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. रस्ता ओला असेल तर ते याहूनही वाढते. हा नियम ज्याला उमगला, त्याला सावकाश चालविण्याचा उपदेश निराळा करावा लागत नाही.

घाट उतरण्याचीही एक रीत आहे. सतत ब्रेक दाबून उतरले तर घर्षणाने ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. मग इंजिनच वाहनाला आवरून धरते. वळणावर आपली डावी बाजू सोडू नये, भोंगा वाजवावा, आणि चढण चढून येणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी.

निघण्याच्या चार दिवस आधी मोटारसायकल मिस्त्रीला दाखविली गेली. ब्रेक, साखळी, दिवे, भोंगा आणि चाकांतील हवा यांची तपासणी झाली. दोघे बसणार आणि सामान असणार, म्हणून एका लिटरला ४० किलोमीटर इतकाच हिशेब धरला. सबंध प्रवास सुमारे ४०० किलोमीटरांचा; अर्थात पेट्रोल लागणार सुमारे दहा लिटर. तरीही टाकी अर्धी होताच ती भरून घ्यावी असे ठरले, कारण आडगावात पंप मिळेलच असे नाही. सामान मोजके घेतले: दोन जोड कपडे, पावसापासून रक्षण करणारा कोट, पंक्चर काढण्याचे साहित्य, क्लचची एक जादा तार, विजेरी, जखमेवरील औषध आणि पट्ट्या. वाहनाची नोंदणी, विमा, धुराचे प्रमाणपत्र आणि परवाना एका पिशवीत ठेवले. शिरस्त्राण तर दोघांनाही हवेच. मोटार वाहन कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही आवश्यक आहे. पण कायद्याच्या भयाने ते घालणे आणि डोके अनमोल आहे म्हणून घालणे यांत अंतर आहे.

पाण्याचीही आठवण ठेवावी लागते. चालत्या वाहनावर वाऱ्याने घाम सुकतो. त्यामुळे शरीरातले पाणी कमी होत आहे हे कळत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता दर तासाला थांबावे, सावलीत बसावे आणि पाणी किंवा कोकमाचे सरबत घ्यावे. तेवढ्यात पाठीला आणि डोळ्यांनाही विसावा मिळतो.

कोणतीही आखणी कितीही चोख असली, तरी रस्ता आपल्या इच्छेप्रमाणे वागत नाही. करूळचा घाट २०२४ साली रस्त्याच्या कामासाठी दीर्घकाळ बंद होता, आणि लोकांना भुईबावड्याच्या घाटाने जावे लागत असे. म्हणून प्रत्येक दिवसासाठी दुसरी वाटही टिपून ठेवावी आणि निघण्यापूर्वी रस्ता खुला आहे ना, याची चौकशी करावी. आखणीच्या कागदाची एक प्रत घरी राहिली. कोणत्या दिवशी कोठे मुक्काम, हे त्यावरून घरच्यांना कळणार होते. संकटसमयी मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक त्यावर ठळक लिहिले होते. रोज सायंकाळी मुक्कामी पोहोचताच घरी फोन करावयाचा, असे वचन थोरल्याने आईला दिले.

काहींना वाटते, की इतके सारे आधी ठरविले म्हणजे प्रवासातील मौज नाहीशी होते. ही समजूत बरोबर नाही. ज्याला मुक्कामाची चिंता नाही, पेट्रोलची धास्ती नाही आणि काळोखाची घाई नाही, त्यालाच वाटेत थांबून खाडीवर उतरणारे बगळे पाहता येतात, एखाद्या वृद्ध कोळ्याशी चार शब्द बोलता येतात. आखणी मौजेला जागा करून देते.

निघण्याच्या आदल्या रात्री बहिणीने तो कागद भावाच्या पिशवीत ठेवला. सातव्या दिवसापुढे तिने आपल्या हाताने एक ओळ लिहिली होती: “चार वाजता चहा, घरी.” प्रवास कितीही दूरचा असो, सुंदर असो, त्याचे शेवटचे ठिकाण घर हेच असते, आणि तेथे वाट पाहणारी माणसे असतात. त्यांना दिलेली वेळ पाळता यावी, याचसाठी आधी आखणी आणि मग प्रवास.