भूलशास्त्राची वाट : आधी अधिकार, मग कर्ज

पनवेल, कामोठे, कळंबोली या पट्ट्यात रुग्णालये वाढली, तशी परिचारिका असलेल्या मुलींची आणि सुनांची घरेही वाढली. तीन-चार वर्षे नोकरी झाल्यावर अशा मुलीला पुढे शिकावेसे वाटते. शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञांच्या शेजारी उभे राहून काम केलेले असेल, तर त्याच विद्येची ओढ लागणे स्वाभाविक आहे. मग कोणाकडून तरी कळते, की अमेरिकेत परिचारिकाच भूल देतात आणि भरघोस वेतन मिळवतात. एखादे आकर्षक माहितीपत्रक हाती पडते आणि घरात कर्जाचा विषय निघतो. हा विषय बहुधा फीच्या आकड्यापासून सुरू होतो. आमच्या मते पहिला प्रश्न निराळाच असावयास हवा : हे शिक्षण पुरे झाल्यावर तिला कोणते काम करण्याचा अधिकार मिळेल, आणि कोणत्या देशात?

भारतापुरते उत्तर स्पष्ट आहे. आपल्याकडे स्वतंत्रपणे भूल देणारी परिचारिका असा मान्यताप्राप्त संवर्ग नाही. भूल देणे हे त्या शास्त्राचे प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचे काम आहे. ग्रामीण भागातील तातडीच्या प्रसूतींसाठी भूलतज्ज्ञ मिळेनात, तेव्हाही सरकारने अठरा आठवड्यांचे विशेष प्रशिक्षण दिले ते एमबीबीएस डॉक्टरांना, परिचारिकांना नव्हे. त्यामुळे ‘डिप्लोमा करा आणि भूल देऊ लागा’ असे कोणी सांगत असेल, तर तेथूनच परत फिरावे. छोट्या रुग्णालयात ‘एवढे इंजेक्शन तूच दे’ असे सांगितले गेले आणि रुग्णाला काही झाले, तर परिचारिकेची नोंदणीच धोक्यात येऊ शकते. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न तर त्याहून मोठा.

भूलशास्त्र तंत्रज्ञाचा पदवी अभ्यासक्रम मात्र आहे आणि तो अधिकृतही आहे. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ साली झालेल्या कायद्यात भूल-सहायक आणि तंत्रज्ञ यांचा समावेश आहे. पण तो मार्ग बारावी विज्ञान झालेल्या मुलामुलींसाठी. चार वर्षांची नर्सिंगची पदवी हाती असलेल्या मुलीने पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे, असे आम्ही सुचवणार नाही. यंत्रांची तपासणी, औषधांची तयारी, भूलतज्ज्ञांना साहाय्य, हे काम मोलाचे आहे. परंतु तो निराळा व्यवसाय आहे.

अमेरिकेतील परंपरा खरी आहे आणि जुनी आहे. मिनेसोटातील रोचेस्टर येथे मेयो बंधूंच्या शस्त्रक्रियांसाठी भूल देणाऱ्या ॲलिस मॅगॉ या परिचारिकेने चौदा हजारांहून अधिक रुग्णांचा अनुभव १९०६ साली प्रसिद्ध केला होता. आज मात्र तेथे पोहोचण्याची वाट फार लांब झाली आहे. नर्सिंगची पदवी, तेथील परवाना परीक्षा, अतिदक्षता विभागातील किमान एक वर्षाचा अनुभव आणि त्यानंतर किमान तीन वर्षांचा अभ्यासक्रम. २०२२ पासून तेथे नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना डॉक्टरेट स्तराचेच शिक्षण घ्यावे लागते. फी एक लाख डॉलरच्या पुढे जाणे नवलाचे नाही, आणि अभ्यासाचा भार असा की सोबत नोकरी जवळपास अशक्य. तेथील सरकारी विद्यार्थी कर्ज आपल्या नागरिकाला कायम वास्तव्याच्या परवान्याशिवाय सहसा मिळत नाही, आणि परिचारिकांना तो ज्या वर्गातून मिळतो, त्यात भारतीयांची रांग अनेक वर्षांची आहे. राहते घर तारण ठेवून येथूनच थेट या शिक्षणाला निघणे हा आम्हाला जुगार वाटतो. आधी परिचारिका म्हणून तेथे स्थिरावून, तेथील कमाईवर पुढचे शिक्षण घेणे हा क्रम अधिक शहाणपणाचा.

मग पनवेलमध्ये राहून काय करावे? भूल देताना रुग्णाचा श्वासमार्ग, रक्तदाब, व्हेंटिलेटर यांवर जी नजर लागते, ती अतिदक्षता विभागात तयार होते. भारतीय नर्सिंग परिषदेने अतिदक्षता शुश्रूषेसाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. त्यासाठी नर्सिंगची पदवी, नोंदणी आणि किमान एक वर्षाचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. म्हणून आमचा सल्ला असा, की कोणतेही कर्ज काढण्यापूर्वी एक-दोन वर्षे अतिदक्षता विभागात काम मागून घ्यावे. या काळात पगार चालू राहतो, देशातली आणि परदेशातली अशा दोन्ही वाटा खुल्या राहतात, आणि हे काम आपल्याला मानवते की नाही हेही कळते. रात्रपाळ्या, सततचे गजर, डोळ्यांसमोर होणारे मृत्यू हे सर्वांनाच पेलते असे नाही, आणि न पेलणे यात कमीपणाही नाही.

आता कर्जाचा हिशेब. समजा, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पाच लाख रुपये दोन समान हप्त्यांत घेतले आणि व्याजदर १० टक्के आहे. बहुतेक शैक्षणिक कर्जांत शिक्षणाचा काळ आणि त्यापुढील एक वर्ष परतफेडीची सवलत असते. पण व्याजाला सवलत नसते. सरळ व्याज धरले तरी त्या तीन वर्षांत सुमारे सव्वा लाख रुपये मुद्दलात मिळतात, आणि पुढे सात वर्षे दरमहा सुमारे १०,४०० रुपयांचा हप्ता बसतो. तेच व्याज शिकत असताना घरच्यांनी भरत नेले, पहिल्या वर्षी महिना सुमारे २,१०० आणि नंतर ४,२०० रुपये, तर हप्ता ८,३०० वर येतो. शिकणाऱ्या सुनेसाठी सासर-माहेर मिळून एवढे उचलता येईल का, हे प्रवेशापूर्वीच मोकळेपणाने बोलून घ्यावे.

सर्वसाधारण बँक योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतही मालमत्ता गहाण ठेवण्याची वेळ सहसा येत नाही. व्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीतच. पीएम-विद्यालक्ष्मी योजना निवडक दर्जेदार संस्थांपुरती आहे, तेव्हा आपले महाविद्यालय यादीत आहे का ते आधी पाहावे.

आणि त्या ८,३०० किंवा १०,४०० ला तोलावयाचे आहे ते आजच्या पगाराशी नव्हे, तर शिक्षणानंतर वाढणाऱ्या पगाराच्या फरकाशी. ज्या रुग्णालयांत पुढे काम करण्याचा विचार आहे, त्यांपैकी दोन-तीन ठिकाणी मुख्य परिचारिकेला भेटून विचारावे : ही पदवी घेतलेल्या परिचारिकेला तुम्ही कोणत्या पदावर घेता आणि किती जास्त देता? पनवेलमधून हार्बर मार्गाने नेरूळ, वाशीपर्यंत जाऊन असे विचारून येण्यास एक सुटीचा दिवस पुरतो. वाढीव पगार हप्त्याच्या आतच राहत असेल, तर तूर्त बिनकर्जाने जे शिकता येईल ते शिकावे आणि प्रवेशाचा विचार वर्षभराने पुन्हा करावा.