घरपट्टी आणि मत

परदेशात मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना काय काय दाखवायचं, याची एक ठरलेली यादी असते. नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, वॉशिंग्टन आणि शेवटी एखादं देऊळ. आमच्या मुलानं ही यादी पहिल्या दोन फेऱ्यांतच उरकली होती. त्यामुळे गेल्या खेपेला मी घरातच रमलो, आणि जेवणाच्या टेबलावर मला जे सापडलं ते कुठल्याही टूरवाल्याच्या पत्रकात नसतं. तो घरपट्टीचा कागद होता.

बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला आकडे छापलेला कागद दिसला, की हात आपोआप चष्म्याकडे जातो. वर्षाची पट्टी चार हप्त्यांत विभागलेली : फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. पण मला गंमत वाटली ती पोटविभागणीची. इतके डॉलर शाळांना, इतके गावाला, इतके काउंटीला. सर्वांत मोठा घास शाळांचा. भरणाऱ्याला आपला पैसा कुणाच्या खिशात चाललाय हे एका कागदावर कळत होतं.

"काउंटी म्हणजे आपला जिल्हाच ना?" मी विचारलं.

"साधारण तसंच," मुलगा म्हणाला.

कर्जाच्या अर्जावर 'साधारण' हा शब्द दिसला की आम्ही अर्ज बाजूला ठेवत असू. मीही हा प्रश्न बाजूला ठेवला आणि पुढचे दोन महिने सवडीनं तपासत बसलो.

मुलगा राहतो ती न्यू जर्सी राज्यातली मिडलसेक्स काउंटी. न्यूयॉर्कहून आगगाडीनं पाऊण तासात मेट्रोपार्क येतं, ते याच काउंटीत. मधून रॅरिटन नदी वाहते आणि पर्थ अँबॉय या जुन्या बंदराशी उपसागराला मिळते. समोरच्या तीरावर न्यूयॉर्कचं स्टॅटन आयलंड. उत्तरेला हमरस्ते, गोदामं, घरांच्या रांगा. दक्षिणेला क्रॅनबरीकडे अजून शेतं दिसतात. काउंटी स्थापन झाली १६८३ साली, म्हणजे इकडे संभाजी महाराज गोव्याच्या पोर्तुगीजांवर चालून गेले त्या वर्षी. जमीन सुमारे ८०० चौरस किलोमीटर. माझ्या नोकरीची सात वर्षं ज्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात गेली, त्याचं क्षेत्रफळ सतरा हजार चौरस किलोमीटर. त्यात अशा वीस काउंट्या सहज बसतील.

एवढ्याशा जागेत २०२०च्या शिरगणतीप्रमाणे माणसं ८,६३,१६२, आणि त्यांचे पंचवीस स्वतंत्र संसार. न्यू जर्सीत कुठल्या ना कुठल्या गावाची नाही अशी वीतभरही जमीन नाही. एडिसनची वस्ती एक लाखाच्या वर, तर हेलमेटाची अडीच हजारांच्या आत. पण दोघांचा कारभार आपापला, अंदाजपत्रक आपापलं. मटचन हे चिमुकलं गाव तर चहूबाजूंनी एडिसननं वेढलेलं. वड्याच्या मधलं भोक म्हणा ना! १९०० साली ते वेगळं झालं ते झालंच. मिडलसेक्स नावाच्या काउंटीत मिडलसेक्स नावाचं एक वेगळं गावही आहे, आणि काउंटीचं मुख्य ठाणं तिथे नाही, न्यू ब्रन्सविकला आहे. पत्ता लिहिताना पाहुण्यांची त्रेधा उडते ती उगाच नाही.

एडिसन हे नावही तसं नवं. विजेच्या दिव्यावरची त्याची खटपट इथल्या मेन्लो पार्कात १८७९ साली फळाला आली. गावकऱ्यांनी १९५४ साली रॅरिटन टाउनशिप हे जुनं नाव टाकून शास्त्रज्ञाचं घेतलं. आज त्या गावची निम्म्याच्या आसपास वस्ती आशियाई वंशाची आहे. ओक ट्री रोडवर साबुदाण्यापासून सोन्यापर्यंत सगळं मिळतं. २०२१च्या निवडणुकीत सॅम जोशी हे भारतीय वंशाचे गृहस्थ तिथले महापौर म्हणून निवडून आले.

आता कारभाराचं. "इथला कलेक्टर कुठे बसतो?" या माझ्या प्रश्नावर घरात हशा पिकला. कलेक्टर नाहीच! सात कमिशनरांचं मंडळ असतं. सगळी काउंटी मिळून त्यांना तीन वर्षांसाठी निवडते. सातही जणांची मुदत एकदम संपत नाही, त्यामुळे दरवर्षी दोन-तीन जागांसाठी मतदान असतंच. काउंटीचे रस्ते, पूल, बागा, तुरुंग, कॉलेज ही त्यांची कामं. दस्त नोंदवणारा क्लार्क निवडून आलेला, मृत्युपत्रं पाहणारा सरोगेट निवडून आलेला, शेरीफही निवडून आलेला. मुंबईचा शेरीफ म्हणजे मानाची खुर्ची. इथला शेरीफ कोर्टाची राखण करतो, समन्स पोचवतो आणि कर्ज थकलं तर कोर्टाच्या हुकमानं घराचा लिलावही करतो. हे ऐकल्यावर मला तो एकदम आपल्या खात्यातला वाटला.

न्यू ब्रन्सविकच्या दस्तनोंदणी कचेरीत मी हौसेनं जाऊन आलो. आयुष्यभर वकिलांकडून तीस-तीस वर्षांचे सर्च रिपोर्ट मागवले; इथे मीच संगणकासमोर बसून मुलाच्या घराचा दस्त काढला. त्याखाली बँकेचं गहाणखत. आपल्या भाषेत, 'इतर हक्कां'त तीस वर्षांचा बोजा.

तिथून परतताना मुलानं एक गोष्ट सांगितली. या सात जणांना २०२० अखेरपर्यंत कमिशनर म्हणत नसत, 'फ्रीहोल्डर' म्हणत. फ्रीहोल्डर म्हणजे कर्जमुक्त जमिनीचा मालक. इंग्रजी अमलात असल्याच माणसाला कारभारात जागा होती. अमेरिकेतल्या बाकी राज्यांतून हे पदनाम गेलं. न्यू जर्सीत ते टिकून राहिलं. ऑगस्ट २०२० मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून ते बदललं.

मला आधी हसू आलं. सातबारा कोरा असलेलाच कारभारी! मग हसू मावळलं, कारण आम्ही तरी दुसरं काय करत होतो? एका खेड्यातल्या शाखेत शेळ्यांसाठी कर्ज मागायला आलेल्या एका भूमिहीन बाईला, 'जामीनदार आणा' म्हणून मी तीनदा परत पाठवलं होतं. चौथ्यांदा ती आली नाही. नियमाप्रमाणे माझं काही चुकलं नव्हतं. तरी तिचा चेहरा माझ्या एकाही कादंबरीत मला नीट उतरवता आला नाही.

या राज्याचा मताचा इतिहासही असाच मागेपुढे झालेला. १७७६च्या राज्यघटनेत, पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या 'सर्व रहिवाशांना' मत होतं. त्यामुळे विधवा, अविवाहित स्त्रिया आणि मुक्त कृष्णवर्णीयही मत देत. १८०७ साली कायदा करून ते काढून घेतलं आणि मत उरलं फक्त गोऱ्या, करदात्या पुरुषांना. मिळालेलं मत परतही जातं, हे मला तिथे कळलं.

कृष्णवर्णीयांना ते पुन्हा मिळालं तेही याच काउंटीत दिसलं. पर्थ अँबॉयमध्ये टॉमस मंडी पीटरसन नावाचा एक शाळेचा शिपाई होता. वंशावरून मत नाकारता येणार नाही, असं सांगणारी पंधरावी घटनादुरुस्ती ३० मार्च १८७० रोजी जाहीर झाली. दुसऱ्याच दिवशी, ३१ मार्चला, पीटरसननं मत टाकलं. त्या दुरुस्तीखाली मत देणारा तो अमेरिकेतला पहिला कृष्णवर्णीय. ३१ मार्च ही तारीख बँकवाल्याच्या हाडांत भिनलेली असते. आता ती मला आणखी एका हिशेबासाठी आठवेल. आणि मतदान कशासाठी होतं? राष्ट्राध्यक्षासाठी नव्हे. नगराची सनद सुधारून ठेवायची की मोडायची, एवढ्यासाठी. पुढे सनद सुधारणाऱ्या समितीतही त्याला घेतलं. १८८४ साली गावानं त्याला सुवर्णपदक दिलं, आणि ज्या शाळेत तो झाडलोट करायचा तिलाच १९८९ साली त्याचं नाव देण्यात आलं.

हे सगळं सांगणारा माझा मुलगा २००६ साली तिकडे गेला. त्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज २०१५चा. भारतीयांची रांग इतकी लांब, की नंबर कधी लागेल ते सांगता येत नाही. कार्ड मिळालं तरी मत नाही. ते नागरिक झाल्यावर, म्हणजे साधारण आणखी पाच वर्षांनी. शिरगणतीत तो मोजला जातो. वर्षाचे चारही हप्ते त्याच्या खात्यातून जातात. गावाच्या सभेत नागरिकांना बोलायची मुभा असते, तिथे उभा राहून तो दोनदा चौकातल्या सिग्नलबद्दल बोललाय. फक्त मतदारयादीत त्याचं नाव नाही. देशाचे नागरिक कोण, हे त्या देशानं ठरवावं हे खरंच. त्याबद्दल त्याची तक्रारही नाही. पण बापाला जे टोचायचं ते टोचतंच.

आपल्याकडे उलटी तऱ्हा. मत आपल्या हातात आहे. पण २०२२नंतर कित्येक महापालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, वर्षामागून वर्षं मतदान झालं नाही, आणि मी एकदाही कुणाला 'का?' म्हणून विचारलं नाही.

ऑक्टोबरात टपालानं एक पाकीट आलं. आत नमुना मतपत्रिका, नाव नातीचं. तिचा जन्म तिथला; नुकतीच ती अठरा वर्षांची झाली होती. मुलानं पाकीट न फोडता तिच्या ताटाशेजारी ठेवलं. तिनं कागद उलगडला, कमिशनरांच्या नावांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाबा, हे लोक कोण?"

मुलगा जेवायचा थांबला. सातांपैकी कुणाची मुदत कधी संपते, रस्त्यापलीकडच्या पुलाबद्दल कोण काय म्हणालं होतं, उद्यानाला पैसे कुणी मागितले, हे तो अर्धा तास सांगत होता. कुणाला मत दे, ते मात्र त्यानं सांगितलं नाही. सूनबाईनं भाजी दोनदा गरम केली.

मग नात माझ्याकडे वळली. "आजोबा, तुमच्या वॉर्डात कोण होतं?"

पन्नास वर्षांच्या आसपास मी मतदार आहे. मी पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश पीत राहिलो.