खारे पाणी आणि मॅक्सवेल

गोव्याच्या पेडणे तालुक्यातील पार्से गावाशेजारी आगरवाडा आहे, नावातच मिठागर. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाच्या नावात मात्र ‘कला व वाणिज्य’ एवढेच. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करायचे तर मुलामुलींनी शापोरा ओलांडून म्हापसा-पणजी गाठायची. एवढे करून पुढ्यात येतो विद्युतगतिकी हा विषय! हुशार मुलांचेही गुण इथे घसरतात आणि घरात कुजबुज सुरू होते, ‘कॉमर्सच घेतलं असतं तर?’

पालकहो, घाई करू नका. अडचण बहुधा विजेची वा चुंबकाची नसते, गणिताची असते. ‘डायव्हर्जन्स’ आणि ‘कर्ल’ पाठ होतात, डोळ्यांपुढे येत नाहीत. झऱ्याच्या तोंडाशी पाणी चहूकडे पसरते, तो डायव्हर्जन्स. भोवऱ्यात ते गरगरते, तो कर्ल. नदीकाठच्या मुलाला याहून जास्त काय सांगायचे?

आपल्या घरांत तर दोन भाषा. मराठीतले ‘विद्युतचुंबकीय’ कन्नडमध्ये ‘विद्युत्कांतीय’ होते, कारण तिकडे लोहचुंबक म्हणजे अयस्कांत. ‘क्षेत्र’ मात्र दोन्हीकडे तेच. इंग्रजी पुस्तक उघडण्याआधी घरच्या शब्दांत विषय बोलून पाहावा, असे मी वर्गात नेहमी सांगतो.

मॅक्सवेलने १८६५ साली छापलेल्या निबंधात वीस समीकरणे होती. आजची सुटसुटीत चार घडवली ती मुख्यतः ऑलिव्हर हेविसाइडने. हा गृहस्थ सोळाव्या वर्षी शाळा सोडून पुढे तारयंत्रावर नोकरीला लागलेला, विद्यापीठात कधी न गेलेला! गणित त्याने स्वतःच शिकून घेतले.

या समीकरणांतून काय हाती लागते? मिठाचे पाणी वीज वाहून नेते, म्हणून रेडिओलहर त्यात शिरताच विझू लागते. समुद्राच्या पाण्याची वाहकता सुमारे ४ सीमेन्स प्रति मीटर. १ मेगाहर्ट्झची, म्हणजे मध्यम लहरींच्या पट्ट्यातली लहर अवघ्या २५ सेंटिमीटरवर ३७ टक्के उरते. वारंवारता शंभरपट वाढवली की खोली दहापट घटते, अडीच सेंटिमीटर! हे उत्तर वहीत अर्ध्या पानात निघते. उलट १८ किलोहर्ट्झला तीच खोली जवळजवळ १.९ मीटर होते. म्हणूनच पाण्याखालच्या पाणबुडीला निरोप धाडायला अतिशय कमी वारंवारता वापरतात. तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळचे आपल्या नौदलाचे केंद्र याच कामासाठी उभारलेले आहे.